अण्णांचं सोंग

मी फार बोलते, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. पण आयुष्यात दोन वर्षं अशी गेली, की घरात असताना मी एक वाक्यही मोठ्यानं बोलले नाही. हे सांगितलं की माझा नवरा हात जोडतो आणि विचारतो, "ती विद्या आता कुठं गेली?" त्याला मी सांगते, ती विद्या नव्हती, शिक्षा होती. आणि ती देणाऱ्या माझ्या आईला वाटत होतं, की ती औषध देते आहे.

आमचं घर सोलापुरात यंत्रमागांच्या गल्लीत. डाव्या हाताला टॉवेलचा कारखाना, उजव्या हाताला चादरींचा, आणि मधे चिमटीत धरल्यासारख्या आमच्या दोन खोल्या. माग रात्रंदिवस चालू, जमीन थरथरायची, मांडणीवरचे पेले एकमेकांच्या कानात कुजबुजायचे, आणि गल्लीतली माणसं साधं "जेवलात का" विचारायलासुद्धा ओरडायची. आमच्या गल्लीतल्या मुलींना सासरी गेल्यावर पहिला बोल बसायचा तो आवाजावरून. मीही लहानपणापासून अशी कडकडीत आवाजाची. शिवाय नकला करायचा नाद. चादरींच्या कारखान्यातल्या पद्माक्का सुताच्या कांड्या भरता भरता तेलुगूत सासूला कशा शिव्या देतात आणि सासू दारात दिसली की त्याच चालीवर गाणं कसं म्हणतात, हे मी करून दाखवलं की खुद्द पद्माक्का डोळे पुसेपर्यंत हसायच्या.

आणि अशा गल्लीत, अण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेतून कायमचे घरी आल्यावर, आमचं घर गप्प झालं.

झालं असं. अण्णा आल्याला महिना झाला नसेल. दुपारची वेळ. आईनं डाळीचा कुकर लावला होता, मी भूगोलाचं पुस्तक पुढ्यात घेऊन शेंगदाणे खात होते. कुकरची शिट्टी झाली, आणि पुढचं मला कळायच्या आत मी पलंगाखाली होते. माझ्या शेजारी आई होती, आणि आम्हा दोघींवर अण्णा पालथे पडले होते. त्यांचा हात माझ्या तोंडावर होता. हाताला शेव्हिंग क्रीमचा वास होता, आणि त्यांचं काळीज माझ्या पाठीवर आपटत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. डाळ करपल्याचा वास आला. मग ते उठले, शर्टाची धूळ झटकली, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "काय न्हाय. जेवाय वाढ."

त्या दिवशी आईनं कुकर वर माळ्यावर टाकला. आवाजानं होतंय, असं तिनं ठरवलं, आणि एकदा ठरवलं की माझी आई जिल्ह्याच्या कलेक्टरचंही ऐकणारी नव्हे. कुकर गेला, डाळ पातेल्यात शिजू लागली. दारावरची कडी गेली, तिथं दोरी आली. माझे पैंजण गेले. आईनं स्वतःच्या बांगड्या मनगटाशी रुमालानं बांधून टाकल्या. रेडिओ मामाकडे गेला. भाकरी थापायचा आवाज होतो म्हणून आईनं भाकरी थापणं सोडलं आणि कडक भाकरी विकत आणायला सुरुवात केली. आता तुम्ही कडक भाकरी खाल्ली असेल तर तुम्हाला यातला विनोद कळेल. पापडाहून मोठ्यानं वाजते ती! दोन घास खाल्ले की कौल फुटल्यासारखा आवाज. मग आईनं हुकूम काढला, भाकरी आमटीत बुडवून, मऊ करून, तोंड मिटून खायची. शेंगाचटणीतले दाणेही तिनं इतके बारीक कुटले, की चटणी की भुकटी कळेना. कुटायला अर्थात पद्माक्कांच्या घरी जायची.

बाहेर दोन्ही बाजूंनी माग धडधडतायत आणि आत आम्ही तिघं लोणी खाल्ल्यासारखी कडक भाकरी खातोय! आज हे सांगताना मला हसू आवरत नाही. लोकही हसतात. पण तेव्हा त्या घरात हसायची सोय नव्हती. मैत्रिणी यायच्या बंद झाल्या, कारण आई त्यांना दारातच तोंडावर बोट ठेवून दाखवायची, "हळू की गं, अण्णा बसल्यात." एकीनं वर्गात सांगितलं, वंदीच्या घरी कायम कुणीतरी मेलेलं असतं. तिचं खोटं होतं असं मला म्हणता येईना.

अण्णा कायम एकाच खुर्चीत बसत. पाठ भिंतीला, तोंड दाराकडे, खिडकी डाव्या हाताला. खुर्ची वीतभर सरकली तरी त्यांच्या लक्षात यायचं. मारझोड नाही, दारू नाही, शिवीगाळ नाही. माझ्या वहीवर सही करून द्यायचे, बूट पॉलिश करून ठेवायचे, माझेसुद्धा. पण त्यांच्याशी बोलायला गेलं की वाटायचं, हे फाटकाशी उभे आहेत आणि आपला पास तपासतायत. फक्त कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी ते पहाटेच कुठंतरी जायचे. एकदा मी मागोमाग गेले, तर स्टेशनवर. फलाटावरच्या बाकावर बसून मालगाड्या बघत होते, दिवसभर. आई म्हणाली, "फौजेची सय येती त्यास्नी. जाऊ दे." मीही जाऊ दिलं.

मला नकला तर करायच्याच होत्या, पण आवाज बंद. मग मी बिनआवाजाच्या नकला करू लागले. मोरीत एक फुटका आरसा होता, त्याच्यापुढे दार लावून मी सगळी गल्ली उभी करायचे. नुसत्या खांद्यांनी, मानेनं, बोटांनी. लोक आज माझ्या एकपात्रीला येतात आणि म्हणतात, बाई, तुम्ही एक शब्द न बोलता माणूस उभा करता, कुठं शिकलात? मोरीत, असं मी सांगते, आणि ते टाळ्या वाजवतात. त्या मोरीत मी सगळ्यात जास्त वेळा कोण झाले, हे मात्र सांगत नाही. मी अण्णा व्हायचे. खुर्चीसारखी पाठ, जबडा आवळलेला, नजर दारावर. तसं उभं राहिलं की मला दारावरून नजर काढवायची नाही. मग वाटायचं, त्यांनाही असंच होत असेल. दोन वर्षांत मला बापाची तेवढीच सोबत होती.

उपाय झाले नाहीत असं नाही. आईनं अंगारा आणला, उतारा टाकला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी आधी पित्ताच्या गोळ्या दिल्या, मग रक्तदाबाच्या, मग झोपेच्या, आणि शेवटी म्हणाले, "यांना शांत जागी ठेवा." आईला ते इतकं पटलं, की तिनं दुधनीजवळच्या आमच्या रानातली वस्ती साफ करायला घेतली. माझी बारावीची परीक्षा झाली की तिकडंच जायचं ठरलं. "तितं लई शांत हाय," आई मला कुजबुजत सांगायची, "पाखरूबी वरडत न्हाय." मला रडू यायचं, पण तेही आवाज न करता.

माजी सैनिकांच्या दवाखान्यातही दर महिन्याला जाणं व्हायचं. तिथली मजा वेगळीच. डॉक्टर विचारायचे, "तबियत?" अण्णा ताडकन उभे राहून, "ठीक है साब." झोप? "ठीक है साब." भूक? "ठीक है साब." की निघाले. मला वाटायचं अण्णा लपवतात. पुढं कळलं, की ते खोटं बोलत नव्हते, त्यांना तसंच शिकवलं होतं. फौजेत तपासणीच्या वेळी दुखतंय म्हणणारा शिपाई कामातून जातो. त्याची तब्येतीची श्रेणी खाली जाते, पलटण पुढं जाते आणि तो मागं कोठारात कांबळी मोजत बसतो. सोबतचे म्हणतात, बहाणे करतोय. वर्षानुवर्षं माणूस पाय मोडला तरी ठीक है म्हणतो. मग घरी आल्यावर त्याला दुसरं काही म्हणता येत नाही. आणि डॉक्टरही रांग मोठी म्हणून तेच लिहून घेतात.

एके महिन्यात आईला ताप आला म्हणून अण्णांसोबत मी गेले. तिथं एक नवीन डॉक्टरीणबाई बसायला लागल्या होत्या, मनाच्या आजारांच्या. तिथल्या नेहमीच्या डॉक्टरांनी, झोपेच्या गोळ्या अजून किती दिवस घेणार म्हणून, अण्णांना तिकडं ढकललं. बाई ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, प्रश्न विचारताना पेनाचं टोपण नाकावर घासायच्या. अण्णांचं "ठीक है साब" सुरू झालं. बाई असून साब! मी मागं उभी. मला राहवेना. बाईंचं टोपण नाकावर गेलं की माझं बोट नाकावर, त्यांनी चष्मा वर केला की मीही. चौथ्या वेळी त्यांनी मान वर केली.

"माझी नक्कल करतेस का गं?"

माझं बोट नाकावरच राहिलं. अण्णा वळून बघायला लागले. मी म्हटलं, "हो."

"चांगली करतेस. अजून कुणाची येते?"

मी आता पन्नाशीकडे चालले आहे, तेव्हा खरं सांगून टाकते. पुढं जे केलं ते मी अण्णांच्या भल्यासाठी केलं असं घरातले सगळे म्हणतात, मीही बरीच वर्षं तसं सांगितलं. पण खरं कारण वेगळं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला 'करून दाखव' म्हणालं होतं. मला प्रेक्षक मिळाला होता. एवढंच.

मी म्हटलं, "अण्णांची येते." आणि कोपऱ्यातला स्टूल भिंतीला लावला.

बसले. जबडा आवळला. नजर दारावर. बाई हसल्या. मग मी ऐकत असल्यासारखी मान किंचित तिरपी केली, हाताची बोटं एकेक करून मांडीवर रोवली, श्वास धरला. घाम पुसला, पण नजर न हलवता. मग हळूच उठले, खिडकीच्या कडेला पाठ लावली, खाली बसले, आणि एका हातानं नसलेल्या कुणाला तरी जमिनीवर दाबून धरलं. बाई हसायच्या थांबल्या होत्या.

"थांब," त्या म्हणाल्या. "हे ते कधी करतात?"

"घरी. केव्हाही."

"केव्हाही नाही. तू मघाशी मान तिरपी केलीस. त्याच्या आधी काय झालेलं असतं?"

"काहीच नाही."

"आवाज होतो?"

"नाही. आवाज नसतोच. लाईट जाते." मी बोलत गेले आणि बोलता बोलताच मला दिसत गेलं. "लाईट गेली की माग थांबतात. सगळे एकदम. मग अण्णा असं करतात."

"आणि पहिल्यांदा झालं तेव्हा?"

"तेव्हा कुकर..." मी म्हणाले आणि थांबले. कुकरची शिट्टी मला इतक्या मोठ्यानं ऐकू आली होती. आमच्या गल्लीत दुपारी कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. माग चालू असताना तोफ उडाली तरी ऐकू येत नाही. "तेव्हापण लाईट गेली होती."

मग अण्णा बोलले. मराठीत, समोरच्या भिंतीकडे बघत.

"आवाज चालू हाय तवर कळतंय, कोण कुटं हाय. बंद झाला की कळत न्हाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पण अण्णा उठले होते. त्यांनी टोपी घेतली, माझ्याकडे बघितलं. त्यांनी आजवर माझ्यावर हात उगारला नव्हता. तेव्हा उगारला असता तर बरं झालं असतं, असं वाटण्यासारखं ते बघणं होतं. चोरून कुणी तुमची ट्रंक उघडावी आणि आतले कपडे रस्त्यावर मांडावेत, आणि ती मांडणारी तुमची पोरगी असावी, तसं. ते बाहेर पडले आणि चालत घरी गेले. मी रिक्षानं मागून गेले, एकटी.

आईनं तापातून उठून माझी हजेरी घेतली. दोन वर्षांत त्या घरातलं ते पहिलं ओरडणं. "बापाचं सोंग काढलीस? चार लोकांम्होरं? लाज न्हाय वाटली?"

"एकच बाई होती."

"वर तोंड करून बोलायलीस व्हय!"

दुसऱ्या दिवशी आई पदर खोचून दवाखान्यात भांडायला गेली. मी खिडकीशी बसून होते. दुपारी परत आली ती भांडणाशिवाय. पाणी प्यायली, भिंतीला टेकून बसली. मग मला म्हणाली, "बाई म्हंती, ह्याला नाव हाय. लढाईवरनं आलेल्या लई जणांस्नी हुतंय. बाधा न्हाय, येड न्हाय. आजार हाय, औषध हाय." थोड्या वेळानं रुमाल सोडून बांगड्या मोकळ्या करत म्हणाली, "आनि म्या दोन वर्सं त्यांच्या भवती तेच रचत बसले गं, वंदे. जे त्यास्नी खातंय तेच." ती रडली नाही. ती माळ्यावर चढली आणि कुकर खाली काढला.

वस्तीवर जाणं रद्द झालं. रेडिओ मामाकडून परत आला, सेलवर चालणारा, म्हणजे लाईट गेली तरी तो बोलत राहील. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरातून कापून आईनं भिंतीला चिकटवलं, आणि वीज मंडळ ते पाळत नाही हे लक्षात आल्यावर पद्माक्कांना गाठलं. त्या दिवसापासून गल्लीत नवीन रीत पडली. लाईट गेली, माग थांबले, की त्या शांततेत एकीकडून पद्माक्का ओरडायच्या, "फौजीभाऊ! लाईट गेला बगा!" आणि दुसरीकडून टॉवेलच्या कारखान्यातला मुकादम, "लाईटच हाय ओ अण्णा, दुसरं काय न्हाय!" मग पोरंटोरंही. सगळी गल्ली मिळून एका माणसाला सांगायची, की थांबलंय ते माग आहेत, दुसरं काही नाही. मी पुढं कितीतरी शहरांत राहिले, असा दवाखाना कुठं पाहिला नाही.

अण्णा त्या हाकांना उत्तर द्यायचे नाहीत, पण त्यांची बोटं मांडीवरनं सुटायची. गोळ्या बदलल्या, त्या ते नेमानं घेत. बाईंनी मात्र आईला बजावलं होतं, हे सगळे टेकू आहेत. जे झालंय ते त्यांनी स्वतः एकदा तरी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सांगायला हवं. ते सांगेपर्यंत ते तिथंच आहेत, घरी आलेलेच नाहीत. अण्णा दर आठवड्याला जायचे, समोर बसायचे, ठीक है म्हणायचे आणि यायचे. बाईही काही कमी नव्हत्या. पूर्ण वेळ त्या समोर बसून राहायच्या म्हणे, टोपण नाकावर घासत.

आणि माझ्याशी अण्णा बोलेनात. म्हणजे अजिबात. "तिला सांग, पुस्तक उचल म्हणावं." "तिला इचार, जेवली का." मी समोर उभी असताना! घरात आता रेडिओ वाजत होता, आई भाकऱ्या थापत होती, मैत्रिणींनाही यायला हरकत नव्हती. पण त्या गप्प दोन वर्षांतही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं. माझे बूट मात्र रोज पॉलिश केलेले असायचे. मी मोरीतल्या आरशापुढे उभी राहायची बंद झाले. खांदे उचलले तरी अण्णांचे वाटायचे आणि मी ते टाकून द्यायचे. परीक्षेचे पेपर दिले. सुट्टी लागली. पद्माक्का म्हणाल्या, "काय गं, नाटकवाली, आवाज बसला का?" मी नुसती मान हलवली. आज मी रंगमंचावर कुणालाही उभं करते, मंत्र्याला, सासूला, देवालाही. अण्णांना पुन्हा कधी केलं नाही. एका नाटकवाल्यानं फार गळ घातली होती, फौजी बापाचा प्रसंग टाका, लोक रडतील. त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी आई गावाकडं लग्नाला गेली होती आणि अण्णांचा दवाखान्याचा वार होता. सोबत कुणीतरी हवं, असं बाईंचं सांगणं. मी चपला घालून दाराशी उभी राहिले. अण्णा निघाले, मी दहा पावलं मागून. बसमध्ये ते पुढं बसले, मी मागं. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाईंच्या खोलीबाहेर लाकडी बाकं होती, ओळीनं भिंतीला लावलेली. आमचा नंबर आला. अण्णा उठले, दोन पावलं गेले, परत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"तू हितंच बस," ते म्हणाले. मलाच. तोंडाकडे बघून. "वेळ लागंल."

मी बसले. दार लागलं. प्लायवूडचं पातळ दार, खालून बोटभर फट. आधी बाईंचा आवाज आला, मग काही नाही. नेहमीचं "ठीक है" कानावर यायची मी वाट बघत होते. ते आलं नाही. मग अण्णांचा आवाज सुरू झाला. खाली, एकसुरी, अडखळत, दगडांवरून हातगाडी ओढत न्यावी तसा. शब्द कळत नव्हते. थांबायचा, आता संपलं वाटायचं, की पुन्हा सुरू. माझ्या बापाला इतकं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. पलीकडे बसलेल्या म्हाताऱ्या सुभेदारांनी घड्याळात बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा नंबर मागं पडत होता तरी काही बोलले नाहीत.

मग आतला आवाज चढला. आणि त्या चढलेल्या आवाजातून एक नाव माझ्या कानावर आलं. हरीश. कुणाला तरी हाक मारावी तसं. आमच्या घरात कधीही, कुणाच्याही तोंडून न आलेलं नाव. पुढचे शब्दही आता कळायला लागणार होते. ज्या गोष्टीनं आमची दोन वर्षं खाल्ली, ती त्या बोटभर फटीतून बाहेर येत होती, आणि मी, गल्लीतलं प्रत्येक बोलणं पाठ करणारी, तिच्यापासून हातभर लांब बसले होते.

मी उठले. व्हरांड्याच्या पार टोकाला, जिथं सकाळचं ऊन उतरलं होतं, तिथल्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले. तिथून काही ऐकू येत नव्हतं. तिथून फक्त दार दिसत होतं, आणि ते बराच वेळ बंद होतं.